परदेशी हवेत ट्रायथलॉनची तयारी

नोकरी-शिक्षणासाठी दुसऱ्या देशात गेल्यावर ट्रायथलॉनचा, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायच्या शर्यतीचा, सराव सुरू केला, की पहिले काही दिवस हमखास निराशेचे जातात. एरवी सहज जमणाऱ्या वेगाला धाप लागते, मनगटावरचं घड्याळ हृदयाचे ठोके भलतेच वर दाखवतं. स्टॅमिना गेला असं वाटून माणूस सराव वाढवतो, आणि नेमकं तेच करू नये. स्टॅमिना जागच्या जागी असतो. शरीर नव्या हवेशी जुळवून घेत असतं.

थंड देशातून उष्ण, दमट देशात आलेल्या खेळाडूचं पाहू. सायकल चालवताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, त्यातली जेमतेम 20 ते 25 टक्के पेडलपर्यंत पोचते. बाकीच्या ऊर्जेची उष्णता होते आणि ती बाहेर टाकायला रक्त त्वचेकडे वळवावं लागतं. तेच रक्त मांड्यांच्या स्नायूंनाही हवं असतं. दोघांची मागणी पुरवताना हृदयाची दमछाक होते. सायकलवर निदान वारा लागतो, घाम वाळतो. उतरून धावायला लागलं की वारा पडतो आणि उष्णता मात्र तयार होतच राहते. म्हणून उकाड्याचा सर्वात मोठा फटका शेवटच्या टप्प्याला, धावण्याला बसतो.

पण रोज तासभर त्या हवेत बेताने व्यायाम केला, की शरीर स्वतःला बदलू लागतं. पहिल्या चार-पाच दिवसांतच रक्तातला द्रव भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढतो. मग एका ठोक्यात जास्त रक्त ढकललं जातं आणि ठोक्यांची संख्या उतरते. पाठोपाठ घाम बदलतो: लवकर सुटतो, जास्त येतो आणि कमी खारट होतो. घाम ग्रंथीच्या बारीक नळीतून वर चढत असताना अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाच्या प्रभावाने त्यातलं बरंचसं सोडियम शरीर परत शोषून घेतं. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वात विलक्षण वाटते. लिटरभर घामाची वाफ झाली, तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता निघून जाते. अर्थात वाफ झाली तरच. दमट हवेत हनुवटीवरून टपकणारा घाम पाणी आणि मीठ घेऊन जातो, थंडावा जवळपास देत नाही.

या बदलांना साधारण 10 ते 14 दिवस लागतात. तोवर वेगाचे आकडे बाजूला ठेवावेत आणि बोलता येईल इतक्याच जोराने धावावं.

उष्ण प्रदेशातून थंड देशात गेलेल्यांची परीक्षा पाण्यात होते. गार तळ्यात उतरताच श्वास एकदम आत ओढला जातो आणि मग आवरत नाही. याला कोल्ड शॉक म्हणतात. पहिल्या अर्ध्या मिनिटात त्याचा जोर सर्वाधिक असतो, दोन-तीन मिनिटांत तो ओसरतो. चांगले पोहणारेही याच वेळात गटांगळ्या खातात, त्यामुळे सूर मारून उतरणं धोक्याचं. सोबत कुणीतरी हवंच. वेटसूट, म्हणजे अंगाची ऊब टिकवणारा रबरी पोशाख, घालून हळूहळू उतरावं, श्वास ताळ्यावर येईपर्यंत नुसतं तरंगावं, मग हात मारायला सुरुवात करावी. अशा पाच-सहा छोट्या डुबक्यांनंतर हा झटका बराच सौम्य होतो.

झोपेचं घड्याळ जुळायला ढोबळमानाने दोन देशांच्या वेळेतल्या प्रत्येक तासाच्या फरकामागे एक दिवस लागतो. पूर्वेकडे प्रवास केला असेल तर जरा जास्तच. त्या दिवसांत जोरकस सराव नको.

उकाड्याची सवय टिकाऊ नसते. थंड हवेत परतल्यावर काही आठवड्यांत ती विरते. मुक्काम थंड देशात आणि शर्यत उष्ण ठिकाणी असेल, तर शर्यतीआधीच्या आठवड्यात रोजचा सराव संपताच 40 अंश सेल्सियसच्या पाण्यात मानेपर्यंत बसण्याचा उपाय प्रयोगांत उपयोगी ठरला आहे. त्यात जास्तीत जास्त 40 मिनिटं बसवतात, पण नवख्याने 10-15 मिनिटांपासून सुरुवात करावी. चक्कर आल्यासारखं वाटलं तर लगेच बाहेर यावं, आणि टबातून उठताना आधार धरावा.