शिकारीचा परवाना मिळतो तरी कोणाला?
(आफ्रिका सहलीच्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आधीच सांगतो, आम्ही शिकारीच्या सहली नेत नाही. कॅमेरा, दुर्बीण, टोपी, एवढ्यावर आमचं जंगल भागतं. पण निघण्याआधी पुण्यात आपली जी बैठक होते, तिथे चहा आला की कोणीतरी विचारतंच : बोत्सवानात हत्ती मारायची परवानगी मिळते म्हणे, ती देतं कोण? दरवेळी तोंडी सांगण्यापेक्षा एकदा छापून टाकलं.

बोत्सवानाने २०१४ मध्ये घातलेली शिकारबंदी २०१९ मध्ये उठवली. किती हत्ती मारायचे हे सरकार ठरवतं. फेब्रुवारी २०२० मध्ये राजधानी गाबोरोनला ७० हत्तींचा लिलाव झाला. दहा-दहाचे सात गट होते, बोली लावायची तर आधी दोन लाख पुला अनामत. पुला म्हणजे तिथलं चलन. सातपैकी सहा गट गेले. बोली लावणाऱ्या होत्या शिकार-सहलींच्या कंपन्या. परदेशी हौशी माणूस पुढे त्यांच्याकडून एकेक शिकार विकत घेतो. म्हणजे सरकार देतं घाऊक, गिऱ्हाईक घेतं किरकोळ.

नामिबियातल्या काळ्या गेंड्याचं प्रकरण वेगळं. वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात, म्हणजे साइट्समध्ये, २००४ साली त्या देशाला वर्षाला पाच नर गेंड्यांची मुभा मिळाली. त्यातल्या एका परवान्याचा लिलाव जानेवारी २०१४ मध्ये थेट अमेरिकेत, डॅलसला झाला. बोली गेली साडेतीन लाख डॉलरवर! प्रजननाच्या उपयोगाचा न राहिलेला म्हातारा नर निवडतात आणि पैसा संवर्धनाला जातो, असं समर्थन केलं जातं. आम्हाला ते पटतं का? अर्धवट. पाकिस्तानात मारखोर या रानबोकडाच्या परवान्यांतले ८० टक्के पैसे स्थानिक गावांना मिळतात, तो हिशेब जास्त समजतो.

मुलांकडे अमेरिकेला जाऊन आलेले काका-काकू मात्र वेगळंच सांगतात, आणि तेही खरं आहे. तिथे मागणी जास्त असलेले परवाने सोडतीने निघतात. आपल्या म्हाडासारखंच, फक्त न लागलेल्या अर्जाचंही मोल राहतं. युटा राज्यात नाव निघालं नाही की त्या वर्षाचा एक गुण जमा होतो. उपलब्ध परवान्यांपैकी निम्मे सर्वाधिक गुणवाल्यांना, उरलेले नशिबावर. बिगहॉर्न या मोठ्या शिंगांच्या रानमेंढीचा परवाना तर जन्मात एकदाच. लोक वर्षानुवर्षं अर्ज भरत बसतात. रांग टाळायची तर लिलावातला एखादा परवाना घ्यायचा : मोंटानात २०१३ मध्ये अशा एकाच मेंढीच्या परवान्याला ४,८०,००० डॉलर मोजले गेले.

आपल्याकडे हा विषयच नाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ची दुरुस्ती यांनंतर हौशी शिकारीचा परवाना उरलेला नाही. माणसाच्या जिवावर उठलेला वाघसुद्धा, पकडता किंवा बेशुद्ध करता येत नसेल तरच, मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी आदेशाने मारता येतो. आजोबांच्या काळातलं कातडं वाड्यात असेल तर मालकी प्रमाणपत्र शोधून ठेवा. कातडं विकता येत नाही.

विमानतळावर बंदुकांच्या लांब पेट्या घेतलेली मंडळी दिसू शकतात. बोला खुशाल, वाद नको. आणि दुकानात हस्तिदंताची बांगडी कितीही गोड दिसली तरी घेऊ नका. सहलीच्या खर्चात दंड धरलेला नाही.