मेमरीची झडती घेणारा सांगाडा

सी किंवा सी++ या संगणकी भाषांमध्ये लिहिलेला प्रोग्राम लागेल तशी मेमरी मागून घेतो आणि काम झालं की परत करतो. परत करायला विसरला तर त्याला ‘लीक’ म्हणतात. प्रोग्राम चालत राहतो, फक्त तासागणिक जड होत जातो. परत केलेली मेमरी पुन्हा वापरली तर मात्र खैर नाही. लॉजची खोली सोडली, किल्ली काउंटरवर दिली आणि रात्री दुसऱ्या किल्लीने गुपचूप परत आत शिरलात, तर आत कोण झोपलेलं असेल सांगता येत नाही. खोली रिकामी असेल तर कुणाला पत्ताही लागत नाही, आणि म्हणूनच असे बग वर्षानुवर्षं दडून राहतात.

ते शोधायला ज्युलियन सीवर्ड यांनी २००२ मध्ये ‘व्हॅलग्रिंड’ प्रसिद्ध केलं. त्यातलं ‘मेमचेक’ हे टूल सर्वात जास्त वापरलं जातं. मेमचेक प्रोग्रामची प्रत्येक सूचना स्वतःच्या नजरेखालून घालतं आणि मेमरीची एक समांतर वही ठेवतं. दर बाइटमागे एक नोंद: इथे हात लावायची परवानगी आहे का? दर बिटमागे दुसरी: इथे कुणी काही लिहिलंय, की जुना कचरा आहे? गंमत म्हणजे कचरा नुसता इकडून तिकडे कॉपी केला तर मेमचेक गप्प बसतं. त्या कचऱ्यावरून ‘हे करू की ते’ असा निर्णय प्रोग्राम घेऊ लागला की मग ते ओरडतं. एवढी वही लिहायची म्हणजे वेळ जाणारच: प्रोग्राम साधारण वीस-तीस पट हळू चालतो.

एका माणसाने एक प्रोग्राम एकदा तपासायचा असेल तर टर्मिनलवर एक कमांड पुरते. पण क्रोमियमसारखा ब्राउझर घ्या, ज्याच्या पायावर गूगल क्रोम उभा आहे. त्याच्या हजारो टेस्ट, टॅबमागे स्वतंत्र प्रोसेस (म्हणजे प्रोग्रामची वेगळी चालू प्रत), आणि त्या काळी लिनक्सवर मेमचेक तर विंडोजवर ‘डॉक्टर मेमरी’ हे वेगळंच टूल. प्रत्येक टूलसाठी वेगळी स्क्रिप्ट लिहीत बसलं तर त्या स्क्रिप्टांचेच बग काढायला माणसं लागतील.

म्हणून क्रोमियमच्या मंडळींनी पायथन या भाषेत ‘बेसटूल’ नावाचा एक बेस क्लास, म्हणजे ज्यावरून पुढचे ‘उपक्लास’ बेततात असा कोडचा सामायिक साचा, लिहिला होता. हा क्लास स्वतः कुठलीच मेमरी तपासत नाही. त्याच्याकडे फक्त क्रम असतो: पर्याय वाचा, तयारी करा, प्रोग्राम चालवा, अहवाल गोळा करा, त्याचा अर्थ लावा, साफसफाई करा. कमांड नेमकी कशी बनवायची आणि अहवाल कसा वाचायचा, या जागा मुद्दाम मोकळ्या सोडलेल्या. मेमचेकचा उपक्लास त्यात आपली उत्तरं भरतो, डॉक्टर मेमरीचा आपली. नवं टूल आलं तर फक्त त्या मोकळ्या जागा भरायच्या. बाकीच्या सांगाड्याला हात लावायचा नाही.

ऐकायला सोपं वाटतं, पण खाचखळगे बरेच. ब्राउझर एका हाकेत अनेक प्रोसेस जन्माला घालतो आणि सगळ्या एकाच फाइलीत लिहू लागल्या तर अहवालाची खिचडी होते. म्हणून लॉगच्या, म्हणजे नोंदींच्या फाइलीच्या, नावातच प्रोसेसचा क्रमांक घालावा लागतो. हळू टूलखाली काही टेस्ट वेळेत संपतच नाहीत, त्यांची वगळायची यादी टूलगणिक वेगळी. शिवाय टेस्ट पास झाली पण टूलने चूक दाखवली, तर निकाल ‘नापास’ लागला पाहिजे. हा निर्णय बेस क्लासमध्येच हवा, नाहीतर एखादा उपक्लास तो सोयीस्कर विसरतो.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे टूलची तोंडं बंद करण्याची. काही तक्रारी खोट्या असतात, काही परक्या लायब्ररीतल्या (म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडमधल्या), काही ‘पुढच्या महिन्यात बघू’ जातीच्या. त्यांच्यासाठी ‘सप्रेशन’ची वेगळी फाइल ठेवतात: अमुक फंक्शनमार्गे आलेली अमुक तक्रार दाखवू नकोस. मूळ प्रोग्रामला हात लागत नाही, आणि काय काय दडपलंय ते कुणालाही उघडून वाचता येतं.

हा सोपस्कार टाळला की काय होतं, ते डेबियन या लिनक्सच्या आवृत्तीने दाखवून दिलं. ओपनएसएसएल ही गुप्त किल्ल्या बनवणारी लायब्ररी. तिच्यातल्या यादृच्छिक आकडे तयार करणाऱ्या भागावर व्हॅलग्रिंड ‘कोरी मेमरी वाचताय’ म्हणून कुरकुर करत होतं. २००६ मध्ये डेबियनच्या आवृत्तीत ती कुरकुर थांबवण्यासाठी कोडमधल्या दोन ओळी बंद केल्या गेल्या. दोन्ही दिसायला सारख्याच. त्यातली एक खरोखर निरुपद्रवी होती. मूळ कोडमध्ये तर ती ‘प्युरिफाय’ या जुन्या तपासणी टूलसाठी वगळण्याची सोयही होती. दुसरी ओळ मात्र बाहेरून आलेली सगळी अनिश्चितता मिश्रणात ओतत होती. ती गेल्यावर यादृच्छिकतेसाठी उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६७ शक्यता. एका जातीच्या संगणकावर एका प्रकारच्या आणि एका लांबीच्या किल्ल्या तेवढ्याच; घरातल्या लॅपटॉपवरही त्या आधीच तयार करून ठेवता येतील. मे २००८ मध्ये हे उघड झालं तेव्हा डेबियन आणि त्यावर बेतलेल्या उबुंटूच्या असंख्य सर्व्हरांच्या किल्ल्या बदलाव्या लागल्या. व्हॅलग्रिंडची तक्रार खोटी नव्हती, फक्त तिचं उत्तर चुकीच्या जागी दिलं गेलं.

क्रोमियमच्या अहवालात पुढे प्रत्येक चुकीला तिची ओळख पटवणारा हॅश क्रमांक लावलेला असे आणि खाली तयार सप्रेशनही छापलेलं असे. हवं तर उचलून यादीत टाका. माझ्या मते ही सोय जितकी कामाची तितकीच मोहाची.

२०१२ च्या सुमारास गूगलच्याच लोकांनी ‘ॲड्रेससॅनिटायझर’ आणलं. हे टूल बाहेर उभं राहत नाही; कंपाइलर, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारं साधन, तपासणीच्या सूचना थेट प्रोग्राममध्येच विणून टाकतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. कोऱ्या मेमरीची तक्रार मात्र ते करत नाही, त्यासाठी ‘मेमरीसॅनिटायझर’ हे भावंड वेगळं. बेसटूलच्या रचनेला हा धक्काच होता, कारण प्रोग्रामच्या आधी टूलची कमांड जोडायची हे तिथलं गृहीतकच आता लागू पडेना. टूलला काय सांगायचं ते एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे प्रोग्राम सुरू होण्याआधी बाहेर लिहून ठेवलेल्या सेटिंगमधून, सांगावं लागतं. क्रोमियमने हळूहळू व्हॅलग्रिंड सोडून सॅनिटायझरांची वाट धरली. लीकची तक्रार दडपायची झाली तर सप्रेशनची यादी मात्र तिथेही लागतेच.