छतपंखा (खान्देशातील वापर)

छतपंखा : खोलीच्या छताला टांगलेला, विजेवर फिरणारा पंखा. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत, म्हणजे तापी खोऱ्याच्या खान्देशात, उकाडा सुसह्य करण्याचे हे सर्वांत रूढ साधन आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५° से.च्या आसपास जातो. तेव्हा पंख्याचा उपयोग किती व कोणत्या वेळी, हा प्रश्न इथे वाटतो तितका सोपा नाही.

‘पंखा’ हा शब्द संस्कृत ‘पक्ष’ या शब्दाशी जोडला जातो. जुन्या मराठीत ‘व्यजन’वरून आलेला ‘विंझणा’ही आढळतो. छताला टांगून दोरीने ओढायच्या कापडी पंख्याच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. एका मतानुसार असे पंखे अब्बासी काळात, बहुधा आठव्या शतकापासून, अरब प्रदेशात माहीत होते. दुसऱ्या मताने ते अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात निघाले. तेथील कचेरीतल्या एका कारकुनाने टांगलेली मेजाची फळी वाऱ्याने हलली व त्यावरून ही युक्ती सुचली, अशी कथा सांगतात. कथा रंजक आहे, पण तिच्यावर फार भार टाकता येत नाही. कल्पना जुनी असावी व तिचा लाकडी चौकटीचा, झालर लावलेला प्रकार कलकत्त्याच्या इंग्रजी घरांतून रूढ झाला असावा, हे अधिक ग्राह्य दिसते. आजच्या फिरत्या पंख्याचे त्याच्याशी नाते नावापुरतेच. अमेरिकेत पाण्याच्या जोरावर व पट्ट्यांनी फिरणारे पंखे आधी होते. १८८०च्या दशकात फिलिप डील या जर्मन वंशाच्या अमेरिकी तंत्रज्ञाने शिवणयंत्राच्या मोटरीवरून विजेचा छतपंखा तयार केला.

पंखा हवा थंड करत नाही. मोटरीमुळे खोलीत उष्णतेची थोडी भरच पडते. अंगावरचा वारा घाम वाळवतो व त्वचेलगतचा उबदार थर हटवतो, म्हणून गार वाटते. रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवणे त्यामुळे निव्वळ अपव्यय होय. हवा त्वचेपेक्षा, म्हणजे सुमारे ३५° से.पेक्षा, तापली की वारा उलट उष्णता आणून देतो आणि सगळी भिस्त घामावर राहते. खान्देशची उन्हाळी हवा कोरडी असल्याने घाम पटकन उडतो, ही जमेची बाजू. मात्र अंगातले पाणीही तितक्याच वेगाने जाते. जागतिक आरोग्य संघटना ४०° से.च्या वर पंख्यावर विसंबू नये असे सुचवते. दुपारी तीनला पंखा पाचवर आणि खाली बाजेवर पडलेली आजी “बंद कर रे, झळा मारतोय” म्हणते, ते याच कारणाने.

झळांत छताचाही वाटा असतो. सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळी, बाहेर वारा सुटल्यावरही, आतून उष्णता सोडत राहतो. पंखा छतालगतची तीच हवा खाली लोटतो. धाब्याच्या घरात मातीचा जाड थर ही उष्णता उशिरा व कमी आत येऊ देतो. तेथे पंखा लाकडी तुळईला लावतात, पण उंची कमी असल्यास टेबलपंखाच बरा. स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात, दुपारी बंद खिडक्या आणि रात्री उघड्या खिडक्या, एवढ्याने पंख्याचा गुण बराच वाढतो. कूलरबरोबर पंखा मंद ठेवावा व समोरची खिडकी उघडी असावी. पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की कूलरचा गुण सरतो. एसीबरोबर पंखा लावल्यास एसीचे तापमान साधारण २° से. वाढवूनही तेवढेच गार वाटते.

१२०० मिमी. व्यासाचा साधा पंखा सुमारे ७५ वॉट, तर बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज घेणाऱ्या) मोटरीचा सुमारे २८ ते ३५ वॉट वीज घेतो. दहा तासांना पाऊण युनिट विरुद्ध साधारण एक तृतीयांश. लोडशेडिंगच्या गावात इन्व्हर्टरवर हा फरक अधिक जाणवतो. छतपंख्यांना ऊर्जा-तारांकन (वीजबचतीनुसार तारे देणारे लेबल) १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचे आहे. जुना, तारेच्या रोधाचा रेग्युलेटर वेग कमी करताना वीज स्वतःच उष्णतेच्या रूपाने खातो. त्याचा डबा हाताला गरम लागतो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये हा तोटा फारच कमी.

थंड देशांत हिवाळ्यात पंखा उलटा व मंद फिरवून छताजवळची ऊब खाली आणतात. धुळ्याकडे थंडीत पारा कधी १०° से.खाली उतरतो, पण घर तापवण्याची रीत नसल्याने छताशी ऊब साठतच नाही. शेकोटी अंगणातच पेटते.

पंखा मंदावला की बहुधा ‘कंडेन्सर’, म्हणजे मोटरीला जोडलेला कपॅसिटर, गेलेला असतो. पात्यांच्या कडेला धूळ चढल्यानेही वारा कमी लागतो.