स्टे बॅक किती? पदवीनंतरच्या कामाच्या परवान्यामागचा इतिहास

सोलापुरात परदेशी शिक्षणाची चौकशी करणारी कुटुंबं हल्ली कॉलेजचं नाव नंतर विचारतात. पहिला प्रश्न असतो, ‘स्टे बॅक किती मिळतो?’ म्हणजे पदवी झाल्यावर त्या देशात राहून काम करायला किती मुदत मिळते. प्रश्न रास्त आहे. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका सहसा तारण मागतात. थकलेल्या कर्जापोटी तारण जप्त करण्याचा सरफेसी कायदा शेतजमिनीवर चालत नाही, म्हणून बहुतेक बँका शेत तारण घेत नाहीत. मग मंगळवेढ्याकडे दहा एकर असले तरी शहरातलं राहतं घर किंवा एन.ए. प्लॉटच गहाण पडतो. तो सोडवायचा तर पुण्यातल्या पहिल्या पगारावर भागत नाही, तिकडची दोन-तीन वर्षांची कमाई हिशेबात धरावीच लागते.

काम असेल तिथं जायचं, हे या शहराला नवं नाही. पूर्वभागातली पद्मशाली कुटुंबं मागाच्या कामासाठी तेलंगणातून इथं आली. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तशी सोलापूरची मुलं पुण्या-मुंबईकडे गेली. त्या जाण्या-येण्याला व्हिसा लागत नव्हता. परदेशात मात्र पदवी विद्यापीठ देतं आणि कामाची मुभा तिथलं सरकार देतं. आपल्याकडे या दोन गोष्टी एकच समजल्या जातात आणि नुकसान होतं ते तिथंच.

अमेरिकेत ओपीटी, म्हणजे शिक्षणाशी निगडित बारा महिन्यांचं काम, १९९२ पासून आहे. पुढे नोकरीत टिकायचं तर एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा हवा. त्याची वर्षाची मर्यादा ६५,००० आणि अमेरिकेतून मास्टर्स किंवा त्याहून वरची पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,०००. अर्ज जास्त आले की सोडत निघते आणि ती वर्षातून एकदा येते. बारा महिन्यांच्या ओपीटीत सोडतीची जेमतेम एखादी संधी मिळायची. कंपन्यांचीही त्यामुळे अडचण होत होती. २००८ मध्ये विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित (स्टेम) या विषयांना सतरा महिने वाढवून दिले गेले. हा नियम करताना लोकांची मतं मागवली नव्हती, या कारणावरून न्यायालयाने २०१५ मध्ये तो रद्द ठरवला. २०१६ मध्ये रीतसर नवा नियम आला आणि वाढीव मुदत चोवीस महिने झाली. एकूण छत्तीस महिने.

तेव्हापासून अभ्यासक्रमाच्या नावापेक्षा त्याचा सीआयपी कोड, म्हणजे विषयाच्या सरकारी वर्गवारीतला क्रमांक, महत्त्वाचा झाला. व्यवस्थापन किंवा अर्थशास्त्राची पदवी एका विद्यापीठात स्टेममध्ये बसते, दुसरीकडे बसत नाही. हा कोड आय-ट्वेंटीवर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदावर, छापलेला असतो, पण तो कागद हाती येतो प्रवेश झाल्यानंतर. म्हणून कोड आधीच विद्यापीठाला ईमेल करून विचारावा, एजंटाच्या तोंडी शब्दावर राहू नये, असं मी प्रत्येकाला कळकळीनं सांगतो.

ऑस्ट्रेलियाची कथा जास्त दुखरी आहे. २००० नंतरच्या दशकात तिथं मागणी असलेल्या व्यवसायांच्या यादीत स्वयंपाकी आणि केशकर्तनकार होते. यादीतला अभ्यासक्रम केला की कायम वास्तव्याचे गुण वाढायचे. त्यामुळे स्वयंपाक शिकवणाऱ्या खासगी कॉलेजांचं पेव फुटलं आणि भारतातून हजारो मुलं तिकडे गेली. २०१० च्या फेब्रुवारीत सरकारने ती यादीच रद्द केली. कोर्स अर्धवट, कर्ज पूर्ण, अशी कित्येकांची अवस्था झाली. पदवीधरांना कामाचा वेगळा रुंद मार्ग मिळाला तो २०१३ मध्ये. २०२४ मध्ये त्याची वयोमर्यादा बहुतेकांसाठी पन्नासवरून पस्तिसावर आली. इथं काही वर्षं नोकरी करून मग शिकायला निघणाऱ्यांनी ही अट आधी पाहावी.

कॅनडाने २००३ मध्ये सुरुवात केली ती मोठी शहरं सोडून. टोरांटो, माँट्रियल आणि व्हँकुव्हर वगळून इतरत्र दोन वर्षं. २००५ मध्ये योजना देशभर झाली, २००८ मध्ये मुदत तीन वर्षांपर्यंत गेली आणि हातात नोकरी असण्याची अटही गेली. पुढची सोळा वर्षं ‘कुठलंही कॉलेज, कुठलाही डिप्लोमा’ हे समीकरण चाललं. घरभाडी भडकली, राजकारण तापलं आणि २०२४ मध्ये दार अरुंद झालं. १ नोव्हेंबर २०२४ पासून स्टडी परमिटचा अर्ज करणाऱ्या कॉलेज-डिप्लोमावाल्यांना ठरावीक विषयांतलाच अभ्यासक्रम चालतो. विद्यापीठाच्या बॅचलर्स, मास्टर्स पदवीला विषयाची ही अट नाही, मात्र भाषेची परीक्षा सगळ्यांना आहे. आजही दोन वर्षांचा कुठलाही डिप्लोमा ‘पीआरची (कायम वास्तव्याची) वाट’ म्हणून खपवणारा भेटला, तर तो २०२३ मधली माहिती विकतो आहे.

जर्मनीत फारशी उलथापालथ नाही. २०१२ पासून पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात आणि त्या काळात कुठलंही काम करता येतं. तिथं भाषा हीच खरी परीक्षा.

ब्रिटनमध्ये दार उघडलं, बंद झालं, पुन्हा उघडलं आणि आता आक्रसतं आहे. २००८ मध्ये पदवीधरांना दोन वर्षं मिळू लागली. एप्रिल २०१२ मध्ये तो मार्ग बंद झाला. सप्टेंबर २०११ मध्ये एक वर्षाच्या मास्टर्सला बसलेल्यांच्या हाती पदवी आली, तेव्हा मुभा उरली नव्हती. १ जुलै २०२१ रोजी ग्रॅज्युएट रूटच्या रूपाने दोन वर्षं परत आली. आता १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या बॅचलर्स आणि मास्टर्सवाल्यांना अठराच महिने मिळणार आहेत. इथं अर्जाची तारीख मोजतात, प्रवेशाची नाही. म्हणजे सप्टेंबर २०२६ मध्ये विमानात बसणारी मुलं अठरा महिन्यांतच येतात.

आपल्या बँकांच्या शैक्षणिक कर्जाला हप्ते न भरण्याची सवलत साधारण अभ्यासक्रम आणि त्यापुढे एक वर्ष अशी असते. पहिला हप्ता कापला जाईल तेव्हा त्या मुलांच्या परवान्याचे जेमतेम सहा-आठ महिने शिल्लक असतील.