गिझर : साठवणीचा आणि इन्स्टंट

गिझर हे घरात आंघोळीचे व धुण्याभांड्याचे पाणी तापवणारे, नळाला जोडलेले उपकरण. साठवणीचा गिझर १० ते २५ लिटर पाणी उष्णतारोधक टाकीत तापवून ठेवतो. इन्स्टंट गिझर वाहते पाणी जाता जाता तापवतो. आपल्याकडे इन्स्टंट म्हणून मिळणाऱ्या विजेच्या गिझरमध्येही १ ते ३ लिटरचे भांडे असतेच. खरा बिनटाकीचा म्हणावा तो गॅस गिझर.

लंडनमध्ये बेंजामिन मॉन यांनी १८६८ मध्ये गॅसवर वाहते पाणी तापवणारा गिझर बनवला. साठवणीचा स्वयंचलित हीटर १८८९ च्या सुमारास एडविन रूड यांनी अमेरिकेत आणला. महाराष्ट्रातला तांब्याचा बंबही साठवणीच्याच जातीचा. काही बंबांत वरून ओतलेले गार पाणी तळाशी जाते आणि तेवढेच कढत पाणी तोटीतून बाहेर येते. साठवणीच्या गिझरचे कामही असेच चालते, फक्त गार पाणी नळाच्या दाबाने आत शिरते.

ऊर्जा दोघांनाही सारखीच लागते. फरक ती किती वेळात द्यायची याचा. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.६ युनिट वीज लागते, म्हणजे २ किलोवॅटच्या कॉइलला अठराएक मिनिटे. विसण घातले की त्याचे आंघोळीजोगे, ४० अंशांचे ३५ लिटर पाणी होते. ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर हेच पाणी मिनिटाला जेमतेम ३ लिटर देतो. नाशिकच्या थंडीत गच्चीवरच्या टाकीचे पाणी १५ अंशांवर उतरले, तर पावणेदोन लिटरच. बादली भरायला दहा मिनिटे. मिनिटाला ८ लिटर सोडणाऱ्या शॉवरला त्या दिवशी १४ किलोवॅट लागतील. जर्मनीत १८ ते २४ किलोवॅटचे थ्री-फेज इन्स्टंट हीटर अनेक घरांत चालतात. आपल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला ३ किलोवॅटचेच १३ अँपिअर होतात. तेव्हा इन्स्टंट गिझर स्वयंपाकघराच्या सिंकला किंवा एकट्या माणसाच्या बादलीला ठीक. चारजणांच्या घराला साठवणीचाच बरा.

इन्स्टंटने वीज वाचते, हा युक्तिवाद मूळचा अमेरिकेतला. तिथे दीड-पावणेदोनशे लिटरची टाकी अहोरात्र गरम असते आणि तिची उष्णता सतत झिरपत राहते. सकाळी वीस मिनिटे बटन लावून एकापाठोपाठ एक आंघोळी उरकणाऱ्या घरात ही गळती किरकोळ असते. दिवसभर चालू ठेवला तर मात्र ती बिलात दिसते. साठवणीच्या गिझरवरचे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारे हीच गळती मोजून दिलेले असतात.

बोअरचे जड पाणी दोघांचाही शत्रू. कॉइलवर पांढरट क्षारांची खपली धरते, उष्णता पाण्यात नीट उतरत नाही आणि शेवटी कॉइल जाते. साठवणीच्या टाकीत मॅग्नेशियमची कांडी असते. टाकीऐवजी ती स्वतः गंजत जाते. ती संपली की बदलावी लागते, पण गिझर गळेपर्यंत तिची आठवण कुणाला होत नाही. पाणी तापताना सुरक्षा वॉल्व्हमधून थेंब पडतात ते बहुधा बिघाडाचे नसतात. पाणी प्रसरण पावते, त्याला वाट लागते. ती वाट बुच मारून बंद करणे धोक्याचे.

गॅस गिझर मिनिटाला ६ लिटरच्या आसपास पाणी देतो आणि एलपीजीवर चालत असल्याने भारनियमनात अडत नाही. ठिणगीला दोन सेल पुरतात. मात्र गच्चीवरच्या टाकीखालच्या वरच्या मजल्यावर पाण्याला दाब कमी पडला, तर तो पेटतच नाही. ज्वाळा न्हाणीघरातली हवा वापरते आणि ती अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आंघोळ करणारा कडी लावलेल्या खोलीत बेशुद्ध पडतो. असे मृत्यू महाराष्ट्रात अनेकदा झाले आहेत. म्हणून गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवून आत फक्त गरम पाण्याची नळी घ्यावी. बंद न्हाणीघरात तो बसवूच नये.