चांदरच्या वाड्यातली पुस्तकांची खोली

गोव्यातल्या चांदर गावी चर्चसमोर पर्यटकांची गाडी थांबली की सगळ्यांचे मोबाइल एकदम वर होतात. समोर ब्रागांझांचा वाडा. एका ओळीत चोवीस खिडक्या! आत गेल्यावर झुंबरे, चिनी मातीची भांडी, कोरीव खुर्च्या बघून मंडळी जेवायच्या वेळेआधी मडगावला परततात. पुस्तकांकडे फारसे कुणी बघत नाही.

वाड्याचे दोन भाग, दोन कुटुंबांचे. पूर्वेकडचा ब्रागांझा परेरांचा, पश्चिमेकडचा मिनेझिस ब्रागांझांचा. या पश्चिम भागातले ग्रंथालय सुमारे पाच हजार ग्रंथांचे. चामडी बांधणीचे ग्रंथ कपाटांतून ओळीने उभे आहेत. हा संग्रह लुईस द मिनेझिस ब्रागांझा या पत्रकाराचा. जन्म चांदरचाच, 1878चा. वाडा आणि ब्रागांझा हे नाव आजोळकडून आलेले.

घरात एवढे वैभव असलेला माणूस राज्यकर्त्यांशी जुळवून घेऊन सुखात राहिला असता, तर कुणालाच नवल वाटले नसते. यांनी उलटे केले. 1900 साली मेसियास गोमीश यांच्यासोबत 'ओ हेराल्दो' हे दैनिक सुरू केले, 1911 साली 'ओ देबाते' काढले आणि 1928मध्ये 'प्रकाश'. हे शेवटचे नाव थेट आपल्या शब्दकोशातले. 1910मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि गोव्यातल्या हिंदूंना कायद्याने बरोबरीचे स्थान मिळाले. त्या हक्कांच्या बाजूने चांदरच्या या ख्रिस्ती जमीनदाराने लेखणी चालवली. याच काळात हेगडे देसाई 'भारत' हे वृत्तपत्र चालवत होते. गोव्यातल्या मराठी पत्रकारितेचा इतिहास सांगताना हा शेजार सहसा निसटतो.

पुढे पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांचा काळ आला आणि वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला. 1930च्या 'आक्तो कोलोनियाल'ने, म्हणजे वसाहतींच्या कायद्याने, वसाहतींची जागा अधिकच खालची ठरवली. त्याच वर्षी 4 जुलैला पणजीतल्या कौन्सिलमध्ये मिनेझिस ब्रागांझांनी ठराव मांडला: आपले भवितव्य ठरवण्याचा हक्क गोवेकरांनी सोडलेला नाही. 1938 साली ते वारले, गोव्याची मुक्ती पाहायला राहिले नाहीत.

घरातले राजकारण मात्र थांबले नाही. त्यांची मुलगी बेर्टा पोर्तुगीज राजवटीविरुद्धच्या 1946च्या आंदोलनात उतरली. गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्यातले नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा हे तिचे मामा, त्यांचा जन्मही चांदरचाच. 1950च्या सुमारास कुटुंबाला बेंगळुरू गाठावे लागले आणि वाडा बंद राहिला. मुक्तीनंतर परत येऊन दार उघडले, तेव्हा सामान बहुतेक जागच्या जागी होते म्हणतात. आज आपण बघतो ते बरेचसे या कुलुपाच्या कृपेने टिकले.

सरकारने लुईस यांची आठवण ठेवली ती पणजीत. 1871च्या वास्को द गामा इन्स्टिट्यूट या संस्थेला 1963मध्ये त्यांचे नाव दिले. चांदरचा वाडा मात्र खासगीच राहिला. दरवाजात तिकीटखिडकी नाही. घरचेच कुणीतरी खोल्या दाखवते आणि निघताना देणगीची पेटी दिसते. छप्पर, लाकूड, कौले, प्रत्येक पावसाळ्यानंतरची डागडुजी, सगळे त्यातूनच भागवायचे. पुस्तकांना तर दमट हवेसारखा वैरी नाही.

पुढच्या वेळी गेलात तर खुर्च्यांवरून नजर काढून कपाटांपाशी थांबा. काचेतून पुस्तकांच्या कण्यांवरची सोनेरी अक्षरे वाचता येतात.