उभ्या झाडाचं वजन

झाड न तोडता त्याचं वजन कसं करायचं? जंगलातला कार्बन मोजणाऱ्या वनशास्त्रज्ञाचं काम इथून सुरू होतं, आणि हातात असते एक साधी टेप. जमिनीपासून १.३ मीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीवर, खोडाचा घेर मोजायचा.

ऐकायला सोपं वाटतं. पण खोडाला वेल बिलगलेली असते. टेप तिच्यावरून नाही, तिच्या खालून सरकवावी लागते. काही झाडांच्या बुंध्याशी फळ्यांसारखी मुळं पसरलेली असतात. तिथे त्या मुळांच्या वर, सरळ खोडावर माप घेतात. मोजल्या जागी रंगाची रेघ मारायची, कारण काही वर्षांनी पुन्हा नेमकं तिथेच मोजायचं असतं, आणि तेव्हा येणारा माणूस कदाचित वेगळाच असेल.

या घेरावरून वजन काढायचं सूत्र फुकट मिळालेलं नाही. जेरोम शाव आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये उष्णकटिबंधीय झाडांसाठी जे सूत्र मांडलं, त्यामागे तोडून वजन केलेल्या ४,००४ झाडांच्या नोंदी आहेत. समजा, घेरावरून काढलेला खोडाचा व्यास ४० सेंटीमीटर, उंची २० मीटर आणि लाकडाची घनता दर घनसेंटीमीटरला ०.६ ग्रॅम आहे. सूत्रानुसार जमिनीवरच्या भागाचं सुकं वजन येतं सुमारे एक टन. त्यातला ४७ टक्के कार्बन धरला, तर (त्याच्याबरोबरच्या ऑक्सिजनचं वजन मिळवून) ते झाड हवेतला जवळपास पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइड धरून उभं आहे. आणि वेलीमुळे घेर तीनच सेंटीमीटर जास्त भरला, तर हा आकडा जवळपास पाच टक्क्यांनी फुगतो! हजारो हेक्टरांचा हिशोब अशाच मापांवर उभा असतो.

तरीही माप हा या कामाचा सोपा भाग आहे.

हवामानबदल रोखण्यासाठीच्या क्योटो कराराच्या स्वच्छ विकास यंत्रणेत, म्हणजे विकसनशील देशांतल्या कार्बन घटवणाऱ्या प्रकल्पांना मोबदला देणाऱ्या व्यवस्थेत, नव्या लागवडीला जागा होती, उभं जंगल वाचवण्याला नव्हती. २००५ मध्ये पापुआ न्यू गिनी आणि कोस्टा रिका यांनी तो प्रश्न लावून धरला, आणि त्यातून पुढे ‘रेड प्लस’ची चौकट तयार झाली. जंगल राखल्याबद्दल पैसे मिळू लागले. पण मग शास्त्रज्ञाला उत्तर द्यावं लागतं की प्रकल्प नसता, तर किती जंगल तुटलं असतं? जे घडलंच नाही, त्याला टेप कुठे लावणार?

हा अंदाज म्हणजे बेसलाइन, आणि सगळी गफलत इथेच होते. तोडीचा धोका वाढवून दाखवला की क्रेडिट, म्हणजे वाचवलेल्या कार्बनची विकता येणारी प्रमाणपत्रं, आपोआप वाढतात. २०२३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात सहा देशांतल्या २६ प्रकल्पांची तुलना त्यांच्यासारख्याच, पण प्रकल्पाबाहेरच्या जंगलांशी केली होती. बहुतेक प्रकल्पांमुळे जंगलतोड लक्षणीय घटल्याचं दिसलं नाही. जिथे घटली, तिथेही ती दाव्यापेक्षा बरीच कमी होती.

हे वाचून जंगल राखण्यावरचा विश्वास सोडू नये, असं मला मनापासून वाटतं. दोष झाडांचा नाही, तुलनेचा आहे. प्रकल्पाच्या हद्दीबाहेरही, तशीच माती, तसाच उतार आणि रस्त्यापासून तेवढंच अंतर असलेलं जंगल पहिल्याच दिवशी निवडावं आणि वर्षानुवर्षं मोजावं. त्या झाडांचं एकही क्रेडिट विकलं जाणार नाही. तरीही प्रकल्पाचा पहिला पैसा त्यांच्या खोडांवर रंगाची रेघ मारायला खर्च व्हावा.